लेड झेपलिनचा कॉन्सर्ट पिक्चर घरी परत बघताना: तीन रात्रींची एक रात्र कशी झाली

जुन्या रॉक बँडचा कॉन्सर्ट पिक्चर लावला की आपण धरूनच चालतो की बँड एका रात्री स्टेजवर गेला, कॅमेरे चालू होते, आवाज रेकॉर्ड झाला आणि तेच आता टीव्हीवर दिसतंय. लेड झेपलिनचा 'द साँग रिमेन्स द सेम' मी बऱ्याच वर्षांनी परत बघितला, ह्यावेळी ब्लू-रेवर, आणि ह्यावेळी मुद्दाम जॉन पॉल जोन्सवर नजर ठेवली. जोन्स म्हणजे त्यांचा बास आणि कीबोर्डवाला, चौघांमधला सगळ्यात शांत माणूस, कॅमेरा त्याच्याकडे फार जात नाही. पण जेव्हा जातो तेव्हा नीट बघा, त्याचे कपडे मधूनच बदललेले दिसतात, आणि काही शॉट्समध्ये तर केससुद्धा वेगळेच वाटतात. ते केस वेगळेच आहेत, तो विग आहे. कॉन्सर्ट पिक्चर नक्की बनतो कसा आणि तो प्रत्येक नव्या कॅसेट-डिस्कवर थोडा वेगळा का दिसतो-ऐकू येतो, हे समजून घ्यायला ह्या विगइतकी चांगली सुरुवात नाही.

आधी थोडी माहिती, ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी. लेड झेपलिन म्हणजे जिमी पेज गिटारवर, रॉबर्ट प्लांट गायला, जॉन बोनम ड्रम्सवर आणि हा जोन्स. १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांचा अमेरिकेचा दौरा चालू होता आणि शेवटचे तीन कार्यक्रम न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन ह्या मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये होते, २७, २८ आणि २९ जुलै, शुक्रवार-शनिवार-रविवार. मॅनेजर पीटर ग्रँटने ऐनवेळी जो मॅसो नावाच्या दिग्दर्शकाला बोलावलं आणि शूटिंगची जुळवाजुळव घाईघाईत झाली. पिक्चरमधला जो बॅकस्टेज प्रसंग आहे, ज्यात ग्रँट बेकायदा पोस्टर विकल्याबद्दल तिथल्या लोकांना फैलावर घेतो, तो न्यूयॉर्कचा नाहीच, काही दिवस आधीचा बाल्टिमोरचा आहे. म्हणजे जी एक सलग रात्र आपण बघतोय असं वाटतं तिच्यात आधीच दोन शहरं मिसळलेली आहेत.

आता तीन रात्री का शूट करायच्या, एक का नाही? ह्याचं उत्तर फिल्मच्या रिळात आहे. ३५ एमएमची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम ह्या वेगाने पळते, मिनिटाला ९० फूट. मोठ्यातलं मोठं रीळ साधारण १,००० फुटांचं, म्हणजे अकरा मिनिटं झाली की संपलं, आणि हातात धरायच्या कॅमेऱ्यात ४०० फुटांचं रीळ लावलं तर साडेचार मिनिटांत संपलं. ह्या पिक्चरमधलं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' अर्धा तासाच्या आसपास जातं. पेज मध्येच व्हायोलिनचा बो काढून गिटारच्या तारांवर ओढायला लागतो, प्लांट त्याला आवाजाने उत्तर देतो, कोण कधी कुठे वळेल ते त्या दोघांना सोडून कुणालाच माहीत नाही, आणि नेमकं तेव्हाच कॅमेरामन खाली बसून अंधारात रीळ बदलतोय. बँड त्याच्यासाठी थांबणार नाही. म्हणून एका रात्रीचं राहिलेलं दुसऱ्या रात्री पकडायचं, असा हिशेब.

हिशेब बरोबर आहे पण त्यात एक मोठी अडचण आहे. आपल्याकडे नाटकाचे तीन प्रयोग शूट करून त्यातून एक प्रयोग बनवायचा म्हटलं तर काय होईल, संवाद तेच पण पॉज वेगळे, एखाद्या रात्री नटाने वाक्य जरा ओढलेलं, एखाद्या रात्री हशा आला म्हणून थांबलेला. झेपलिनच्या बाबतीत तर संवादही तेच नाहीत. ही मंडळी स्टेजवर रेकॉर्डसारखं वाजवायचीच नाहीत, सोलो रोज नवा, बोनमची लय कधी पुढे कधी मागे, प्लांट मध्येच काहीही बोलतो, 'स्टेअरवे टू हेवन'च्या मध्यावर तो हसण्याबद्दल जे विचारतो ते असंच मध्येच टाकलेलं आहे. मग शुक्रवारच्या आवाजावर शनिवारचं चित्र बसवलं की ड्रमस्टिक खाली आलेली दिसते आणि ठोका थोडा नंतर ऐकू येतो, किंवा बोटं गिटारच्या वरच्या बाजूला आणि सूर भलताच. सुरुवातीला लक्षात येत नाही, पण एकदा दिसलं की दिसतच राहतं.

कपड्यांची भानगड पण इथलीच. तीन रात्रींची एक रात्र करायची तर सगळ्यांनी तिन्ही रात्री तेच कपडे घालायला हवेत. जोन्सने नंतर सांगितलंय की आज शूटिंग आहे का विचारलं तर नाही म्हणायचे, म्हणून तो शूटिंगचा शर्ट राखून ठेवायचा आणि स्टेजवर जाऊन बघतो तर कॅमेरे तयार. मला हे वाचून त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटली.

तर एवढं सगळं करूनही मॅसोच्या फुटेजमध्ये भोकं राहिली. काही गाण्यांच्या ओळीच्या ओळी चित्राशिवाय होत्या, आवाज आहे पण दाखवायला काही नाही. १९७४ मध्ये मॅसोला काढून पीटर क्लिफ्टन ह्या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाला आणलं आणि त्याने सरळ सांगितलं की परत शूट करावं लागेल. ऑगस्ट १९७४ मध्ये इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत मॅडिसन स्क्वेअर गार्डनसारखं स्टेज उभं केलं आणि बँडने एक वर्ष जुन्या स्वतःच्याच रेकॉर्डिंगवर वाजवण्याचा अभिनय केला, समोर प्रेक्षक नाहीत. जोन्सने तोपर्यंत केस कापले होते. म्हणून विग.

हे ऐकून काही लोकांना फसवल्यासारखं वाटतं. मला नाही वाटत, कारण आवाज खरा आहे आणि तो त्या तीन रात्रींचाच आहे, आणि जे शॉट्स शेपर्टनचे आहेत त्यात क्लोज-अप इतके जवळचे आहेत की खऱ्या कार्यक्रमात पेजच्या इतक्या जवळ कॅमेरा नेता आलाच नसता. आणि पिक्चरमधले ते स्वप्नासारखे तुकडे, ज्यांची लोक अजून थट्टा करतात, प्लांट वेल्समधल्या रॅग्लन किल्ल्यात तलवार घेऊन, पेज स्कॉटलंडमधल्या लॉक नेस तळ्याजवळ रात्री डोंगर चढतोय, जोन्सचे मुखवटेवाले घोडेस्वार, त्यांचाही एक व्यवहारी फायदा आहे, तेवढा वेळ स्टेजचं चित्र नसलं तरी चालतं. सगळ्यात साधा तुकडा बोनमचा आहे. 'मोबी डिक'चा लांबलचक ड्रम सोलो चालू असताना तो घरच्यांबरोबर दिसतो, शेतावर दिसतो, सँटा पॉडच्या ट्रॅकवर ड्रॅगस्टर गाडी पळवताना दिसतो. सोलो आणि गाडी एकाच माणसाच्या हातात आहेत हे त्यात बरोब्बर कळतं. १९८० मध्ये तो गेला आणि बँडही तिथेच संपला, त्यामुळे तो तुकडा आता बघताना घशाशी येतं.

पिक्चर खरं तर पडूनच राहिला असता. ऑगस्ट १९७५ मध्ये ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला मोठा अपघात झाला, दौरे रद्द झाले, आणि लोकांसमोर बँड ठेवायचा दुसरा मार्ग नव्हता म्हणून हे काम पूर्ण केलं गेलं. २० ऑक्टोबर १९७६ ला न्यूयॉर्कमध्ये पहिला शो झाला, लांबी १३७ मिनिटं. त्याच महिन्यात त्याच नावाची रेकॉर्डही आली आणि इथे अजून एक गंमत, रेकॉर्डवर 'सेलिब्रेशन डे' आहे जे पिक्चरमध्ये नव्हतं, आणि पिक्चरमध्ये 'ब्लॅक डॉग' आणि 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' आहेत जी रेकॉर्डवर नव्हती. एकाच कार्यक्रमाच्या दोन आवृत्त्या पहिल्या दिवसापासूनच होत्या.

आता आवाजाकडे येऊ, कारण घरी बघताना सगळा फरक तिथेच पडतो. फिल्म कॅमेऱ्यात आवाज रेकॉर्ड होत नाही. आवाजासाठी हॉलच्या बाहेर वॉली हायडर कंपनीचा ट्रक उभा होता, ट्रकमध्ये चालता-फिरता स्टुडिओ, आणि त्यात एडी क्रेमर हा इंजिनिअर. तिथे मल्टीट्रॅक टेपवर रेकॉर्डिंग झालं. मल्टीट्रॅक म्हणजे एकाच रुंद टेपवर शेजारी शेजारी वेगवेगळ्या पट्ट्या, एका पट्टीवर फक्त प्लांटचा माइक, एकीवर पेजचा अँप्लिफायर, काहींवर बोनमच्या ड्रम्सचे माइक, काहींवर प्रेक्षक. ह्या सगळ्या पट्ट्या एकत्र करून कोण किती मोठ्याने, कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे ठरवायचं काम म्हणजे मिक्सिंग. १९७६ मध्ये असं एक मिक्स झालं, ते पिक्चरच्या प्रिंटवर गेलं आणि तिथे ते कायमचं बसलं. पण मूळ टेप तशीच राहते, पट्ट्या अजूनही सुट्या आहेत, त्यामुळे तीस वर्षांनी दुसरा कुणी बसून तोच शुक्रवार वेगळा मिक्स करू शकतो. चित्राचं तसं नाही, चित्र एकदा कापून जोडलं की ती निगेटिव्ह तशीच राहते.

मधल्या काळात आपल्याकडे हा पिक्चर बघितला गेला तो व्हिडिओ कॅसेटवर, बहुतेक वेळा कॉपीची कॉपी. व्हीएचएसवर चित्रातला बारकावा इतका कमी असतो की बोनमचे ते नारिंगी पारदर्शक ड्रम्स म्हणजे नुसता एक चमकणारा डाग दिसायचा. पण चित्रापेक्षा मोठी गोष्ट वेगाची होती आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. भारतात टीव्हीची पद्धत पॅल, पॅलमध्ये सेकंदाला २५ फ्रेम. पिक्चर २४ चा. मग कॅसेट बनवताना सोपा उपाय असा करायचे की २४ ची फिल्म सरळ २५ च्या वेगाने चालवायची. साध्या सिनेमात कळत नाही, चार टक्के वेग वाढला तर कोण मोजतो. पण गाण्यात? १३७ मिनिटांचा पिक्चर साडेपाच मिनिटं लवकर संपतो, आणि वेगाबरोबर सूरही चढतो. पेटीवर सांगायचं तर पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दिशेने पाऊण अंतर सरकतं, पूर्ण काळी एक नाही, मधेच कुठेतरी. म्हणजे कॅसेटबरोबर गिटार घेऊन वाजवायला बसलं की कुठल्याच सुरात नीट बसायचं नाही, आणि आपलीच गिटार बेसूर आहे असं वाटून आपण खुंट्या पिळत बसायचो. अमेरिकन एनटीएससी पद्धतीत हा त्रास नव्हता, तिथे काही फ्रेम दोनदा-तीनदा दाखवून आकडा भरून काढतात, त्यामुळे हालचालीत किंचित झटका येतो पण सूर जागेवर राहतो. ब्लू-रेवर २४ फ्रेम २४ म्हणूनच साठवता येतात, म्हणून 'नो क्वार्टर'मधला जोन्सचा इलेक्ट्रिक पियानो आता ज्या सुरात ऐकू येतो तो न्यूयॉर्कच्या त्या हॉलमध्ये वाजला तोच सूर आहे, आणि कॅसेटची सवय असलेल्याला पहिली काही मिनिटं सगळं जरा खालचं आणि जड वाटतं. नंतर कळतं की हाच त्याचा खरा चेहरा आहे.

२००३ मध्ये बँडने जुन्या फुटेजचा एक मोठा डीव्हीडी संच काढला, त्यात ह्याच तीन रात्रींची चार गाणी नव्याने एडिट करून घातली होती. ती बघितल्यावर सगळ्यांनाच वाटलं की आता अख्खा पिक्चर असाच नव्याने कापा. पण कायदेशीर अडचणींमुळे पिक्चरच्या चित्राला हात लावता येत नव्हता, एकही शॉट बदलायचा नाही. मग नव्या मिक्सचं काम करणाऱ्या केव्हिन शर्ली ह्या इंजिनिअरने उलटा रस्ता घेतला, चित्र हलत नाही ना, मग आवाज हलवू. शनिवारचा शॉट आहे तर शनिवारच्या टेपमधला आवाज घ्या, जिथे ठोका पुढे-मागे आहे तिथे कॉम्प्युटरवर तो तुकडा कापून नेमका काठीखाली आणून ठेवा, तिन्ही रात्रींच्या टेप समोर ठेवून असा नवा साउंडट्रॅक शिवायचा. नेहमी आवाज आधी असतो आणि त्यावर चित्र कापतात, इथे तीस वर्षं जुन्या चित्रावर तीस वर्षं जुना आवाज नव्याने बसवला. हे किती किचकट काम आहे ह्याचा विचार करा, कारण शेपर्टनच्या शॉट्सना स्वतःचा असा आवाजच नाही, तिथे बँड जुन्या मिक्सवर ओठ आणि हात हलवतोय.

ही आवृत्ती नोव्हेंबर २००७ मध्ये आली, सोबत पिक्चरमध्ये नसलेली चार गाणी बोनस म्हणून, 'ओव्हर द हिल्स अँड फार अवे', 'सेलिब्रेशन डे', 'मिस्टी माउंटन हॉप' आणि 'द ओशन'. आवाज ५.१ मध्ये, म्हणजे पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि खर्जासाठी एक. बँड पुढून येतो, गर्दी मागून. पुढच्याच महिन्यात १० डिसेंबरला उरलेले तिघं बोनमचा मुलगा जेसन ह्याला ड्रम्सवर बसवून लंडनला एका कार्यक्रमासाठी एकत्र आले, त्यामुळे त्या दिवसांत जगभर झेपलिनच झेपलिन चाललं होतं.

नवा मिक्स चांगला की जुना, ह्यावर लोक अजून भांडतात. माझं मत स्पष्ट आहे, घरी बघायला २००७ चाच घ्या, बोनमचा बास ड्रम पोटात जाणवतो आणि काठी-ठोका बऱ्याच ठिकाणी जुळतो. पण १९७६ च्या मिक्समध्ये एक धूळ आहे, हॉल मोठा वाटतो, आवाज लांबून येतो, आणि ज्यांनी तो पिक्चर थिएटरमध्ये बघितला त्यांच्या कानात तोच बसलाय, त्यांना चूक म्हणता येणार नाही. दोन्ही त्याच टेपमधून आले आहेत.

टेप जपून ठेवल्याने काय होतं ह्याचं एक उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. १९७२ मध्ये, म्हणजे ह्या पिक्चरच्या न्यूयॉर्कच्या शूटिंगच्या आदल्या वर्षी, पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन, तबला, सारंगी, व्हायोलिनं असा सगळा ताफा, त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी परत रेकॉर्ड केली. कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्येही ते वाजवून गेले. ती रेकॉर्डिंग्ज चाहत्यांमध्ये चोरून फिरत होती पण अधिकृतपणे आली ती २०१५ मध्ये, पेजने जुने अल्बम जादा सामग्रीसह परत काढले तेव्हा. 'फ्रेंड्स' नक्की ऐका, आपल्या वादकांचा हात त्या गाण्यावर कसा बसलाय ते पिक्चरमधल्या ओरिएंटल वळणांशी ताडून बघा, पेजच्या डोक्यात तेव्हा काय चालू होतं त्याचा अंदाज येतो.

एक राहिलंच, पिक्चरमध्ये शेवटाकडे बातम्यांचे तुकडे आहेत, हॉटेलच्या तिजोरीतून पैसे गेल्याचे. ते खरं आहे. ड्रेक हॉटेलमधून बँडचे सुमारे दोन लाख डॉलर रोख चोरीला गेले, शेवटच्या कार्यक्रमाच्या दिवशी कळलं, आणि चोर कधीच सापडला नाही.

तर आता घरी लावायचा असेल तर डिस्क २००७ ची किंवा त्यानंतरची बघून घ्या, मागच्या बाजूला ५.१ लिहिलंय का तपासा. जुनी पॅल डिस्क हाताशी असेल तर कव्हरवरची लांबी बघा, १३१ च्या आसपास असेल तर वेग वाढवलेला आहे हे समजायचं. टीव्हीत ते मोशन स्मूद करणारं सेटिंग असतं, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, ते आधी बंद करा, नाहीतर टीव्ही स्वतःच मधल्या फ्रेम बनवून घालतो आणि फिल्म मालिकेसारखी गुळगुळीत दिसायला लागते. होम थिएटर नसेल तर टीव्हीच्या स्पीकरपेक्षा चांगले हेडफोन बरे. आणि पहिल्यांदाच बघत असाल, १३७ मिनिटं जास्त वाटत असतील, तर सरळ 'नो क्वार्टर'पासून सुरू करा, मग 'द साँग रिमेन्स द सेम' आणि 'द रेन साँग' हे जोडीने येतात, पेज दोन मानेची गिटार घेऊन उभा राहतो, वरची बारा तारांची, खालची सहाची, आणि दोन्ही गाणी त्याच एका गिटारवर वाजवतो, तिथे कॅमेरा त्याच्या बोटांवर बराच वेळ थांबतो.